शिकंज्याची टाच

"करवत रडून राह्यली," भिंतीकडे तोंड करून पडल्या-पडल्याच ते म्हणाले.

माझा हात थांबला. दुपारची वेळ होती. ओसरीवर बाजेवर ते होते, आणि समोर अंगणात, मोहाच्या झाडाखाली, मी एका सागवानी फळीशी झोंबत होते. पाच महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेला कामाबद्दलचा हा पहिला शब्द. मला उठून नाचावंसं वाटलं. पण आपल्या नवऱ्याला मी काही कालपासून ओळखत नव्हते. पदरानं घाम पुसला आणि जमेल तितक्या कोरड्या आवाजात म्हणाले, "रडंल नाही तं काय हसंल? रज्जाकभाईच्या बाइंडिंगच्या दुकानातली हाय. वह्यांच्या पाठीले खाचा पाडाची."

"वह्यांची करवत सागवानाले लावतेस?"

"माह्यापाशी दुसरी कुठी हाय?"

दुसरी होती. एक नाही, चार होत्या. त्यांच्या डोक्यावर, आढ्याला टांगलेल्या तरटाच्या थैलीत, रंधे, पटाश्या, गिरमिट, सगळ्यांबरोबर तेल लावून झोपवून ठेवलेल्या. थैलीकडे मी पाहिलं नाही, त्यांनीही पाहिलं नाही. मी पुन्हा करवत ओढायला लागले आणि ती पुन्हा रडायला लागली.

ही आमच्या वडसा गावची गोष्ट, तिला आता तीस वर्षं होत आली. राईस मिलच्या मागे आमचं घर होतं. दिवसभर मिलची घरघर आणि कोंड्याचा वास, आणि चैत्र लागला की त्या वासावर मोहाच्या फुलांचा वास चढायचा. त्या वासानं माणसाला जागेपणी झोप लागते. म्हणून असेल, पण त्या दिवसांतलं मला सगळं थोडं पेंगुळलेलं, थोडं पिवळसर दिसतं. मी बालवाडीत शिकवायची. बाराला शाळा सुटली की घरी यायची, आणि उरलेला दिवस आम्हा दोघांचाच असायचा.

माझे यजमान डोमाजी वाढई बावीस वर्षं त्या मोहाखाली जमिनीवर बसून सुतारकाम करत आले होते. आमच्याकडचा सुतार बसूनच काम करायचा. फळी समोर आडवी, तिच्यावर डावा पाय, टाच जमिनीत रोवलेली, बोटांनी फळी दाबलेली. मग रंधा चालो की पटाशी, फळी जागची हलत नसे. लग्न करून आले तेव्हा मान वर करून नवऱ्याकडे पाहायची सोय नव्हती, त्यामुळे चेहऱ्याच्या आधी मला त्या डाव्या पायाचीच ओळख झाली. रुंद पंजा, बाहेर वळलेला अंगठा, नखात कायमचा भुसा. एवढा कुरूप पाय मी तोवर पाहिला नव्हता, आणि हळूहळू तो मला फार आवडायला लागला.

त्यांच्या घराची एक रीत होती. लाकडावर पाय ठेवायचा तर आधी त्याची माफी मागायची. उजवा हात फळीला लावायचा, मग कपाळाला, आणि मगच पाय. दिवसातून पन्नास फळ्या बदलल्या तर पन्नास वेळा. कामाची कितीही घाई असो, ते हे चुकवत नसत.

"झाड होतं थे," ते म्हणायचे. "आपून त्याच्यावर पाय देतो. विचारा नको का त्याले?"

तोच पाय गेला. आधीच्या उन्हाळ्यात एक गंजका खिळा रुतला. अंगात साखर आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. जखम चिघळत गेली आणि शेवटी नागपूरला नेऊन घोट्याच्या वरून पाय काढावा लागला. घरी आणलं तेव्हा ते मोहाखाली जाऊन बसले आणि समोरच्या फळीकडे नुसते बघत राहिले.

"आता मी कायचा सुतार?" ते म्हणाले.

"माहे हायत ना दोन," मी म्हणाले. समोर जाऊन बसले, फळीला हात लावला, कपाळाला लावला, आणि फळीवर माझा पाय ठेवला.

ते हसले. मग म्हणाले, "टाच रोव. नुसती बोटं ठेवून काय होते?"

पुढचे चार महिने मी त्यांचा डावा पाय होते. बालवाडी सुटली की मी समोर बसायची, ते रंधा चालवायचे, आणि लाकडाचे लांब पापुद्रे वळत वळत माझ्या मांडीवर येऊन पडायचे. आम्ही बोलत असू, नसूही. बावीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांसमोर इतका वेळ कधी बसलो नव्हतो. कधी वाटायचं, पाय गेला हे बरंच झालं. असा विचार मनात आला की मी स्वतःलाच चापट मारून घ्यायची.

कार्तिकात एके दिवशी ते देवघराच्या चौकटीला खाच पाडत होते. लाकडात गाठ होती. पटाशी गाठीवरून घसरली आणि माझ्या पायाच्या अंगठ्याशेजारी आत गेली. रक्त फळीवर सांडलं. त्यांनी आपला दुपट्टा काढून करकचून बांधला. सात टाके पडले. टाके घालून मी घरी आले तर अंगण झाडून स्वच्छ केलेलं, चौकटीच्या फळ्या भिंतीला लावलेल्या, आणि थैली आढ्याला. तेव्हापासून ते बाजेवर पडले ते पडलेच.

दुखतं का, एवढंसुद्धा त्यांनी मला विचारलं नाही. त्या दिवशी नाही, टाके काढले तेव्हा नाही, कधीच नाही. माझ्या पायाकडे त्यांची नजर जायची आणि लगेच भिंतीकडे वळायची. मला त्याचा राग होता. खोटं कशाला बोलू, पायाला लागलं त्यापेक्षा मला ते जास्त लागलं होतं.

होळीनंतर त्यांनी मला एक पोस्टकार्ड लिहायला लावलं. त्यांना लिहिता येत नव्हतं. आरमोरीला त्यांचा भाचा नीलकंठ सुतारी करायचा, त्याला लिहायचं होतं. 'अक्षय तृतीयेला ये आणि माझी सगळी अवजारं घेऊन जा.' मी लिहिलं. माझ्याच हातानं लिहिलं आणि माझ्याच हातानं पेटीत टाकलं. पेटीत कार्ड पडल्याचा आवाज आला तेव्हा मला कळलं, की ती थैली घराबाहेर गेली तर हा माणूस त्या बाजेवरून पुन्हा उठणार नाही. हातात दीड महिना होता.

परतताना मला वर्धा आठवलं. फार वर्षांपूर्वी बालवाडीच्या प्रशिक्षणासाठी मी सहा आठवडे तिथे होते. शेजारी एक सुतारशाळा होती आणि तिथले लोक चक्क उभ्यानं काम करायचे. कमरेएवढं एक दणकट बाकडं, त्याच्या पुढच्या पायाला जोडून आणखी एक उभी जाड फळी, आणि दोहोंच्या मधून आरपार गेलेला एक मोठा स्क्रू. दांडी फिरवली की उभी फळी बाकड्याच्या पायाकडे सरकायची आणि मधलं लाकूड घट्ट धरायची. लाकडी बाकड्याला लाकडी शिकंजा. तेव्हा घरी येऊन मी यांना ते सांगितलं होतं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. उभ्यानं रंधा मारणारा सुतार!

बाकडं सहज मिळालं. पोत्यांचं वजन करायला मिलमध्ये एक टेबल होतं, ते त्यांनी मागच्या बाजूला टाकून दिलं होतं. पाय माझ्या मांडीएवढे जाड. मिलच्या हमालांनी ते आणून मोहाखाली ठेवलं. प्रश्न होता स्क्रूचा. त्यासाठी मी रज्जाकभाईंकडे गेले. बसस्टँडजवळ त्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं. डोळे अधू झाल्यामुळे ते आता नुसतेच दुकान उघडून बसायचे. कोपऱ्यात वह्या दाबायचा लोखंडी दाब होता, आणि त्यावर त्यांचा टॉवेल वाळत होता.

"याचा स्क्रू पायजे होता, भाई," मी म्हणाले.

"भाभी, अब्बांनं कामठीहून आनला होता हा. चाळीस वर्षं पुस्तकं दाबली यानं."

"आता फळ्या दाबन."

"कोनाच्या?"

"तुमच्या दोस्ताच्या."

रज्जाकभाईंनी टॉवेल उचलला, घडी केली, खांद्यावर टाकला. "डोमाजीनं मांगला?"

"त्याइले माहीतच नाही."

"मंग घेऊन जा. त्यानं मांगला असता तं आधी चार शिव्या घातल्या असत्या. पाच महिने झाले, इकडं फिरकला नाही." बोलता बोलता ते पाना शोधायला लागले होते. स्क्रू, त्याचा जाड नट, आणि वर, मी न मागता, ती करवत त्यांनी माझ्या पिशवीत घातली. "धार नाही हिले," ते म्हणाले. "पन तुमच्या घरी धार लावनारा हाय."

म्हातारा माझ्याहून हुशार निघाला. करवत रडली त्याच्या दुसऱ्या दुपारी बाजेवरून आवाज आला, "कानस दे."

"कोनती कानस?"

"कोनतीही दे. चुलीपाशी चाकू घासतेस थे दे."

मी दिली. ते उठून बसले, करवत मांडीवर धरली आणि एकेक दात घासायला लागले. कानशीचा बारीक आवाज सगळी दुपारभर येत राहिला. मी झाडाखाली आडवी झाले आणि डोळे मिटून तो ऐकत राहिले. त्या आवाजात मला झोप लागली. जागी झाले तेव्हा करवत माझ्या उशाशी होती आणि ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

मग मात्र मी चुका करायला लागले. काही खऱ्या होत्या, मला येत काहीच नव्हतं. पण काही मुद्दाम केलेल्याही होत्या, हे आता कबूल करायला हरकत नाही. पेन्सिलीची रेघ मुद्दाम तिरकी मारायची आणि करवत उचलायची, की बाजेवरून खाकरल्याचा आवाज यायचा. टेबलाच्या पायाला भोक पाडताना मात्र मुद्दाम काही करावं लागलं नाही. गिरमिटही मी मागूनच आणलं होतं. एका बाजूनं दाबत सुटले आणि लाकूड करकरलं.

"दोन्हीकडून घे!" ते ओरडले. "अर्धं इकडून, अर्धं तिकडून. एकाच बाजूनं घेतलं तं मांगून फुटन थे!"

"असं होय," मी म्हणाले, आणि दुसऱ्या बाजूनं घेतलं.

स्क्रूच्या मापाचं भोक एकदम पडत नव्हतं, म्हणून लहान लहान भोकांचं कडं पाडून मधला भाग कोरला. दोन दिवस गेले त्यात. एक दुपार नट बसवण्यात गेली. त्या दिवसांचं मला सलग असं काही आठवत नाही. एक दुपार दुसरीत मिसळून जाते. फुलं टपटप पडतायत, भुशाला वास येतोय, बाजेवरून 'हं', 'उलटं धर', 'खालून' असे सुटे शब्द येतायत, आणि मी काही लाकूडकाम करत नसून झोपेत चालत कुठेतरी निघाले आहे असं वाटतंय. एवढं करूनही मी काय बनवते आहे हे त्यांनी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.

शेवटी एका दुपारी विचारलंच. "होऊन काय राह्यलं हे?"

मी बेसावध होते. तोंडातून निघून गेलं, "तुमचा पाय."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग कूस बदलली. पुढचे दोन दिवस मी कितीही तिरकी रेघ मारली तरी बाजेवरून हूं की चूं नाही. मी जेवायला वाढायची, ते जेवायचे. तिसऱ्या दिवशी नीलकंठचं कार्ड आलं. अक्षय तृतीयेला सकाळच्या गाडीनं निघतो, बाराला पोचतो. मी ते वाचून दाखवलं. "बरं," ते म्हणाले.

तृतीयेला चार दिवस उरले तेव्हा माझा शिकंजा उभा राहिला. फळी वाकडी नव्हती, स्क्रू आरपार गेला होता, दांडी फिरत होती. मला इतका अभिमान वाटला, की मी आधी घरात जाऊन पाणी पिऊन आले. मग भिंतीशी ठेवलेली एक फळी उचलली, शिकंज्याच्या तोंडात धरली आणि दांडी आवळली.

आवळत गेले तशी शिकंज्याची उभी फळी खालच्या टोकाला आत जाऊन टेबलाच्या पायाला टेकली आणि वरचं तोंड उघडलं. आणखी आवळलं, आणखी उघडलं. तोंडातली फळी डुलायला लागली. रंधा मारल्यासारखा मी तिला नुसता हात लावला, आणि ती सुटून माझ्या पायाशी पडली. मी पुन्हा धरली. पुन्हा पडली. पाच-सहा वेळा मी तेच केलं. वर्ध्याचा शिकंजा डोळ्यांपुढे आणून पाहिला. स्क्रू तोच, फळी तशीच. मग मी भुशात बसले आणि रडायला लागले. मुद्दाम नाही. मुद्दाम करायच्या गोष्टी माझ्याकडच्या संपल्या होत्या.

मग कुबडीचा आवाज आला. ओसरीची पायरी, मग अंगण. पाच महिन्यांत कुबडीचा आवाज फक्त न्हाणीकडे जात होता. मी मान वर केली नाही. ते येऊन टेबलाला टेकून उभे राहिले. दांडी फिरवली, सैल केली, आवळली. पुन्हा सैल केली. खाली वाकून शिकंज्याच्या बुडाशी पाहिलं.

"याची टाच कुठी हाय?" ते म्हणाले.

"कोनाची?"

"याची. शिकंज्याची." ते टेबलाच्या कडेवर बसले, जवळचा ठोकळा ओढून घेतला आणि आपला उजवा पाय त्यावर ठेवला. "हे पाह्य. मी बोटांनं दाबतो तवा टाच कुठी असते?"

"खाली. रोवलेली."

"आता टाच उचलतो. राह्यला जोर?"

मी त्यांच्या बोटांखालचा ठोकळा ओढला. तो अलगद निघाला. त्यांनी टाच टेकवली, मी ओढला, तो हलेना.

"तुनं याले बोटं देल्ली, टाच नाही देल्ली," ते म्हणाले. "मंग थे बिचारं कायच्या जोरावर धरन? बुडाशी एक पट्टी पायजे, पायातून आरपार जानारी. पट्टीले भोकं, भोकात खुंटी. वर जेवढी फळी जाड, खाली तेवढीच जागा सोडून खुंटी घालाची. खुंटी घातली का टाच रोवली."

तेव्हा मला लख्ख आठवलं. वर्ध्याच्या सुतारशाळेत बाकड्यांखाली घोटाभर भुसा साचलेला असायचा. शिकंज्याची बुडं त्या भुशात बुडालेली. खाली काय असतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. उभ्यानं काम करणाऱ्यांवर हसणारी मी, त्यांच्याकडे फक्त कमरेच्या वर पाहून आले होते.

"जमन का थे आता?" मी विचारलं. "चारच दिवस हायत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, मग ओसरीकडे बघत म्हणाले, "थैली काढ."

मी स्टुलावर चढले. थैली उतरवली आणि त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवली. तोंडाची गाठ त्यांनी स्वतःच मारली होती, आणि ती त्यांनाच सुटेना. नखांनी निघाली नाही तेव्हा दातांनी सोडली. आत तेलाचा आणि लोखंडाचा वास होता. तो वास आल्यावर मला पुन्हा रडू आलं, म्हणून मी उगाच चूल पेटवायला आत गेले.

तीन दिवस आम्ही टाच घडवत होतो. ते टेबलाच्या कडेवर बसून पट्टी तासायचे, मी धरायची. बाभळीची पट्टी, तिला एका ओळीत भोकं, एक जाड खुंटी. टेबलाच्या पायातली खाच मात्र त्यांनी मला पाडू दिली नाही. जमिनीवर बसले, जसे बावीस वर्षं बसत होते तसे, आणि स्वतः पाडली. पटाशी हातात घेतल्यावर ते मला म्हणाले, "तू मांगं सरक." मी सरकले. "आनखी सरक." मी पार झाडापर्यंत जाऊन बसले, तेव्हा पहिला घाव पडला.

तृतीयेला सकाळी शिकंजा तयार होता. पुढचं सांगून टाकते. नीलकंठ बाराला आला, आमरस-पोळी जेवला, शिकंज्याची दांडी चार वेळा फिरवून पाहिली, मामाच्या पाया पडला आणि रिकाम्या हातानं आरमोरीला गेला. माझे यजमान त्या बाकड्यावर उभ्यानं सोळा वर्षं काम करत राहिले. जाडी बदलली की खालची खुंटी बदलावी लागायची, आणि ते हाक मारायचे, "खुंटी वो!" मी हातातलं काम टाकून जायची, खाली बसायची, खुंटी बदलायची. कुबडीच्या टोकानं त्यांना ती सहज सरकवता येत होती. मी घरी नसताना ते सरकवायचेही. मी एकदा लपून पाहिलं होतं. मी त्यांना ते कधी बोलले नाही आणि त्यांनी हाक मारणं कधी सोडलं नाही. ते गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. बाकडं अजून मोहाखाली आहे.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी नीलकंठ यायचा होता. ऊन नुकतं झाडातून खाली उतरत होतं. ते कुबडी टेबलाला टेकवून उभे होते, बोटं शिकंज्याच्या तोंडावर फिरवत.

"थे फळी आन," ते म्हणाले.

मला विचारावं लागलं नाही. भिंतीशी लावलेल्या चौकटीच्या फळ्यांतली तीच, अर्धी खाच पाडलेली. रक्ताचा डाग काळा पडला होता. मी ती आणून शिकंज्यात उभी धरली. मग खाली बसले आणि जाडी पाहून खुंटी घातली. त्यांनी दांडी आवळली. वरचं तोंड मिटलं. मी खालून फळीला धक्का दिला, मग दोन्ही हातांनी ओढली, मग जीव खाऊन ओढली. फळी जागची हलली नाही.

"धरलं," मी म्हणाले. "अवो, धरलं जी!"

त्यांनी रंधा उचलला. रंधा डाव्या हातात राहिला आणि उजवा हात सवयीनं फळीकडे गेला. फळीला लागला. तिथून तो कपाळाकडे जायला निघाला आणि अर्ध्यावर थांबला.

"आता तं पाय ठेवाचाच नाही हिच्यावर," ते म्हणाले. जणू ते त्यांना आत्ताच कळलं होतं. हात तसाच हवेत होता. त्यांनी खाली पाहिलं. मी शिकंज्याच्या बुडाशी बसले होते, डावा पाय पुढे पसरलेला, अंगठ्याशेजारी सात टाक्यांचा वण.

त्यांनी रंधा टेबलावर ठेवला. एका हातानं शिकंज्याची दांडी धरली आणि हळूहळू, आधी गुडघा, मग सगळं अंग, असे माझ्यासमोर भुशात बसले. मला वाटलं चक्कर आली. मी धरायला पुढे झाले, तर त्यांनी माझा पाय धरला. टाक्यांच्या वणावर उजवा हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि तो हात आपल्या कपाळाला लावला.

"हे काय करता जी!" मी पाय ओढला. "सोडा. मले पाप लागन."

"लागू दे." त्यांनी पाय सोडला नाही. "बावीस वर्षं लाकडाले विचारलं. तुले नाही विचारलं." मग वणावरून अंगठा फिरवत, माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "लय दुखलं का वो?"

पाच महिने ज्याचं उत्तर मी तोंडात धरून ठेवलं होतं, तो प्रश्न आला. मी नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही. त्यांना काय कळलं ते त्यांनी सांगितलं नाही. झाडावरून उरलीसुरली दोन-चार फुलं पडली. मिल सुरू झाली.

"उठव आता मले," थोड्या वेळानं ते म्हणाले. "काम पडलं हाय."

एका हातानं शिकंजा आणि दुसऱ्या हातानं माझा खांदा धरून ते उठले, आणि मी रंधा त्यांच्या हातात दिला.